तो की ते

२ ऑक्टोबर २०२३ ला इंग्लिश फुटबॉलपटू फ्रान्सिस ली गेल्याची बातमी आली तेव्हा क्रीडा डेस्कवर मी होतो. तीन दिवसांवर क्रिकेटचा विश्वचषक, हांगझोऊत आशियाई स्पर्धा चालू. मला मिळाला सिंगल कॉलम, दीडशे शब्द.

आमच्याकडे खेळाडू ‘तो’ असतो, पदाधिकारी ‘ते’. कॉपी तपासताना हे आपोआप होतं. इथे हात अडला. १९६७ साली मँचेस्टर सिटीने साठ हजार पौंडांना घेतलेला स्ट्रायकर, पुढच्याच वर्षी लीगविजेता, १९७१-७२ च्या हंगामात लीगमध्ये ३३ गोल करणारा, तो. आणि १९९४ मध्ये ‘फॉरवर्ड विथ फ्रॅनी’ (फ्रॅनी म्हणजे ली) म्हणत चाहत्यांनी ज्यांना त्याच क्लबच्या अध्यक्षपदी आणलं, ते. एकाच बातमीत ‘तो’चं ‘ते’ नेमकं कुठे करायचं?

मी ते ५ मे १९९६ च्या परिच्छेदात केलं. मला खरं तर तोच लिहायचा होता. लीगचा शेवटचा दिवस, समोर लिव्हरपूल. ०-२ वरून सिटीने बरोबरी साधली. दुसऱ्या मैदानावरचा चुकीचा स्कोअर पसरला, बरोबरी पुरेशी आहे असं खेळाडूंना वाटलं आणि स्टीव्ह लोमास चेंडू कॉर्नरच्या झेंड्यापाशी नेऊन वेळ काढू लागला. सामन्यातून बाहेर आलेला नायल क्विन टचलाइनवरून धावत, ओरडत सांगत होता की अजून एक गोल हवाय. तो झाला नाही. तीन संघांचे गुण ३८, गोलफरकावर सिटीच खालच्या विभागात गेली. एका गोलाची गरज होती, आणि आयुष्यभर गोल केलेला माणूस आता अध्यक्ष होता. हा क्विनही स्ट्रायकरच. दहा वर्षांनी तो संडरलँडचा अध्यक्ष झाला. फुटबॉलमध्ये याहून मोठी बातमी कुठली असते?

कॉपी वरिष्ठांकडे गेली. जाहिरात वाढली होती. आमच्याकडे कॉपी खालून कापतात, वाचून नाही, आणि याचा मला आजही राग येतो. शेवट मी शेवटी ठेवला ही चूक माझी. हा परिच्छेद सर्वांत वर हवा होता.

सकाळी अंक उघडला. सगळीकडे ‘ते’ केलेलं. त्यांनी ३३ गोल केले, ते विजेते ठरले. शेवटची ओळ: ‘पुढे ते क्लबचे अध्यक्षही झाले.’