तुम्ही विचारलंत म्हणून: कॅम्परमधला टीव्ही चालतो कशावर?

कॅम्पर ट्रेलर (गाडीमागे ओढून न्यायचं छोटं घर) कुठेतरी आडरानात उभा, आसपास लाइटचा खांबसुद्धा नाही आणि आत टीव्ही मस्त चालू, असे फोटो बघून कोणी ना कोणी विचारतंच की हा चालतो कशावर? बॅटरीवर. एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग मोठा इन्व्हर्टर लागत असेल ना?" आणि मी फसलो होतो ते नेमकं इथेच.

पहिल्या ट्रिपला मी १५०० वॅटचा इन्व्हर्टर (बॅटरीच्या विजेची घरच्या प्लगसारखी वीज करणारा डबा) घेऊन गेलो. टीव्ही २४ इंची, मागच्या स्टिकरवर सरळ ३० वॅट लिहिलेलं, पण म्हटलं मोठा असलेला बरा. बॅटरी १२ व्होल्टची, १०० अँपिअर-अवर, लेड-अ‍ॅसिड. म्हणजे १२ गुणिले १००, कागदावर १२०० वॅट-अवर (१ वॅट एक तास चालला की १ वॅट-अवर), पण लेड-अ‍ॅसिड सारखी निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते म्हणून धरायचे ६००च. रोज रात्री तीन तास टीव्ही म्हणजे ९० वॅट-अवर, चार-पाच दिवस आरामात निघतील असा माझा हिशोब. तिसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुवायला नळ सोडला तर त्याच बॅटरीवरचा पाण्याचा पंप घुर्र करून गप्प. मीटर लावला, ११.७ व्होल्ट. भरलेली बॅटरी १२.७ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, आणि ११.७ म्हणजे ठणठणगोपाळ.

बायको म्हणाली, "बघ अजून टीव्ही." पण टीव्ही बिचारा निर्दोष होता हो! मी इन्व्हर्टर बंदच करत नव्हतो. त्याला काही जोडलेलं नसलं तरी तो स्वतः जागा राहायला करंट खातो, आणि जेवढा मोठा तेवढी साधारण भूक जास्त. माझा १५ वॅट खात होता, म्हणजे दोन दिवसांत ७२० वॅट-अवर, आणि तेवढ्याच दिवसांत टीव्हीने खाल्ले १८०. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

त्यामुळे आता मी आधी टीव्हीचा अ‍ॅडॉप्टर बघायला सांगतो. बऱ्याच छोट्या टीव्हींना लॅपटॉपसारखा वेगळा अ‍ॅडॉप्टर असतो, त्यावर आउटपुट १२ व्होल्ट डीसी (बॅटरी देते तशीच वीज) लिहिलेलं असेल तर इन्व्हर्टरची गरजच नाही. फक्त वायर थेट बॅटरीला लावू नका, कारण १२ व्होल्टची बॅटरी १२ वर कधी थांबतच नाही, चार्ज होताना १४.४ पर्यंत जाते, म्हणून मध्ये व्होल्टेज १२ वरच धरून ठेवणारा रेग्युलेटर टाका, प्लस-मायनस दोनदा तपासा आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवा. वायर जाड घ्या, लांब बारीक वायरमध्ये व्होल्टेज पडतं आणि टीव्ही मध्येच बंद-चालू होतो, मग लोक टीव्हीला शिव्या घालतात.

टीव्ही फक्त घरच्या प्लगवरच चालणारा असेल तर इन्व्हर्टर घ्या, पण १५०-३०० वॅटचा प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्यासारखी गुळगुळीत वीज देणारा, पुरतो. स्वस्तातल्या मॉडिफाइड साइन वेव्हवर (त्याची वीज ओबडधोबड असते) स्पीकरमधून गुणगुण येऊ शकते, अ‍ॅडॉप्टर तापतो.

आता सोलर. १०० वॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला ३०० ते ४०० वॅट-अवर देतं, म्हणजे टीव्हीला पुरून उरेल. गोची अशी की आपण ट्रेलर लावतो झाडाखाली, गार वाटावं म्हणून, आणि सावलीत पॅनेल जवळपास झोपतं. मी टपावर न ठोकता सुटं पॅनेल ठेवतो आणि लांब (जाड!) वायर लावून उन्हात नेतो, दिवसात दोनदा फिरवावं लागतं पण चालतं. लिथियम बॅटरी घेतलीत तर १०० अँपिअर-अवरमधले ८०-९० वापरता येतात, फक्त शून्य डिग्रीच्या खाली ती चार्ज करायची नाही. गाडीच्या बॅटरीवर मात्र टीव्ही चालवू नका, ती स्टार्टर मारायला असते, सकाळी गाडीच सुरू होणार नाही. जनरेटर मला आवडत नाही, एवढ्या शांततेत भडभड कशाला, आणि लावलाच तर ट्रेलरपासून लांब आणि खिडक्यांकडे धूर येणार नाही असा, त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.

अजून एक छुपा चोर म्हणजे अँटेनाचा बूस्टर, सिग्नल वाढवणारा. टीव्ही बंद केला तरी तो चालू राहतो, त्याचं बटण वेगळं असतं. आणि ब्राइटनेस कमी करा, अंधारात तेवढा लागत नाही, माझा ३० वरून २० वॅटवर आला.

तो १५०० वॅटवाला इन्व्हर्टर सीटखाली पडून असतो, फक्त मिक्सर लावायचा असेल तेव्हा पाच मिनिटं बाहेर येतो.