एमजीबीची तारेची चाकं घट्ट बसवताना: माझा अनुभव

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला तारेची चाकं असतील तर प्रत्येक चाकात मधोमध एकच नट असतो, दोन कानांचा. तोच स्पिनर; कानांवर हातोड्याने ठोकून तो आवळतात. (अमेरिकेत १९६८पासून बाहेर आलेल्या कानांवर बंदी आली, म्हणून तिकडच्या गाड्यांना अष्टकोनी नट.) चाकं चढवताना मी हातोड्याआधी आटे तपासले.

गाडीत बसल्यावर जी डावी बाजू, तिथे सरळ (घड्याळाच्या दिशेने आवळणारे) आटे हवेत, उजवीकडे उलटे. पुढे जाताना डावं चाक बाहेरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं. सैल स्पिनर त्या फिरण्याच्या विरुद्ध सरकतो. आटे बरोबर असतील तर तो आवळत जातो, हब (चाक ज्यावर बसतं तो आट्यांचा भाग) उलटसुलट बसले असतील तर सुटत जातो. मागचा अ‍ॅक्सल उघडून जोडताना ही चूक होते. स्पिनरवरच्या ‘अनडू’ बाणावर विसंबू नका. हब चुकीच्या बाजूला गेला असेल तर त्याला त्याच आट्यांचा चुकीचा स्पिनर बसतो, आणि बाणही त्याच्याशी जुळतो. हाताने फिरवून बघा: डावीकडचा स्पिनर घड्याळाच्या उलट दिशेनेच सुटला पाहिजे.

मग स्प्लाइन, म्हणजे हब आणि चाक यांचे एकमेकांत बसणारे दाते. ताकद आणि ब्रेक दोन्ही याच दात्यांतून चाकापर्यंत जातात. दात्यांचे माथे सपाट हवेत. टोकदार किंवा एका बाजूला कललेले असतील तर हब आणि चाक दोन्ही बदलायचे. झिजलेल्या हबवर नवं चाक घातलं तर तेही लवकर खराब होतं. चाक उचलून, कुणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगून मागेपुढे हलवलं. हब स्थिर राहून चाक टक्‌टक्‌ करत असेल तर झीज आहेच.

हबवरचा आणि स्पिनरचा, दोन्ही टेपर (चाक घट्ट बसवणारे निमुळते भाग) केरोसीनने धुऊन कोरडे केले. चाकाच्या टेपरवर पावडर कोटिंग किंवा रंग असेल तर तो काढायलाच हवा. पहिल्या प्रवासात तो चिरडतो आणि आवळलेला स्पिनर सैल पडतो. स्प्लाइन, टेपर आणि आटे यांवर ग्रीसचा पातळ हात फिरवला. कोरड्या स्प्लाइनवर तांबडी गंजाची पूड दिसते, ती झिजेची सुरुवात. जास्त ग्रीस मात्र फिरताना तारांवर उडतं.

चाक जमिनीपासून जेमतेम उचललेलं, ब्रेक दाबलेला, स्पिनर हाताने शेवटपर्यंत. तांब्याच्या हातोड्याने आळीपाळीने दोन्ही कानांवर ठोके, म्हणजे चाक मध्यावर बसतं. लोखंडी हातोड्याने क्रोम फुटतो. नंतर गाडी खाली घेऊन, स्पिनर जागचा हलेनासा होईपर्यंत पुन्हा ठोके.

स्पिनर आणि चाक यांवर मिळून खडूची एक रेघ ओढली. वीसेक किलोमीटरवर पुन्हा ठोकून पाहिलं, मग ८० किलोमीटरवर. नव्या किंवा नुकत्याच क्रोम केलेल्या चाकाचा स्पिनर पहिल्या दोन फेऱ्यांत थोडा पुढे सरकतोच, त्यात काळजीचं काही नाही. तिसऱ्यांदाही रेघ जुळली नाही तर गाडी पुन्हा जॅकवर घ्या आणि टेपर तपासा.