तुम्ही विचारलंत म्हणून: त्या वखारीचं उकरून काय मिळतं?

लग्नात, बारशात, अगदी रंकाळ्यावर फिरायला गेलं तरी एकच प्रश्न: खापरपणजोबांच्या लाकडाच्या धंद्याचं एवढं उकरून तुला मिळणार काय? जागेत हिस्सा मागायचाय का? नाही. वखारीची जागा कधीच विकली गेली, हे विचारणाऱ्यांनाही ठाऊक आहे.

सुरुवातीला मला अभिमानच शोधायचा होता. कोल्हापूरचा नवा राजवाडा १८७७ ते १८८४ मध्ये बांधला गेला. त्याला आमच्या वखारीतून लाकूड गेलं, असं घरात सांगत आलेत. कोल्हापुरात रेल्वे आली १८९१ साली. त्याआधी भुदरगड, गगनबावड्याकडचं ऐन, किंजळ, नाणा असलं लाकूड आमच्याकडे बैलगाड्यांनीच यायचं. चिरायला एक माणूस ओंडक्यावर उभा, एक खाली, मध्ये लांब करवत. खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा. मशीन आलं ते आजोबांच्या वेळी.

मग माळ्यावरच्या पेटीत मोडीतला कागद निघाला, शके १८०३ चा, म्हणजे १८८१. मोडी जाणणारे एक गुरुजी वाचायला घरी आले. राजवाड्याचं नाव येईल म्हणून थोरले काका मुद्दाम शेजारी बसले. निघाली ती करवत ओढणाऱ्यांच्या उचलीची यादी. नाव, पावसाळ्याआधी घेतलेली रक्कम, मजुरीतून वळती केलेली, उरलेली बाकी. एका नावापाशी गुरुजी अडले, पुन्हा वाचलं: "मयत. बाकी मुलाकडे." खालच्याच ओळीत त्या मुलाच्या नावावर नवी उचल.

"हे कुणाला दाखवायचं नाही," काका म्हणाले. कागद दुमडून पेटीत टाकला आणि निघून गेले. तेव्हापासून ते आमच्याकडे येत नाहीत. ज्यांनी मला खांद्यावर बसवून जोतिबाची यात्रा दाखवली, ते काका!

तेव्हा रीतच तशी होती, असं मीही स्वतःला समजावलं. खापरपणजोबांच्या डोक्यावरही सावकाराचं देणं होतं, तेही कागद त्याच पेटीत आहेत. ते दुष्ट होते असं मी कधीच म्हटलेलं नाही. पण रीत होती म्हणून त्या पोराची बाकी काही फिटत नाही. कधी वाटतं, काकांचंच बरोबर, मेलेल्यांना कशाला ओढायचं? दुसऱ्या दिवशी ते पटत नाही. यादीतली माणसंही मेलेलीच आहेत, त्यांचं नाव कुणी घ्यायचं?

राजवाड्याच्या लाकडाची नोंद मी कोल्हापूरच्या पुरालेखागारात अजून शोधतोय. सापडली तर पहिल्यांदा काकांनाच दाखवीन. उचलीची यादी मात्र तिच्याशेजारीच ठेवणार.