सावकाश

मांजराच्या पिल्लाचं नाव ठेवायचं आमच्याकडे राहूनच गेलं. घरातला जो तो दिवसभर त्याच्यावर एकच शब्द ओरडायचा, "सावकाश!" शेजारच्या अक्का कन्नड बोलणाऱ्या, पण इकडच्या कन्नडातही सावकाश म्हणजे सावकाशच. त्यामुळे दोन्ही भाषांतून तीच हाक. महिनाभरात ते त्या शब्दाला कान टवकारायला लागलं आणि नावाचा प्रश्न मिटला.

बेळगावच्या वडगावात आमच्या मागच्या बोळात कापड विणायच्या मागाची खोली आहे. जुलैच्या झडीत एका मांजरीनं तिथल्या सुताच्या गुंतवळाच्या पोत्यात तीन पिल्लं घातली. दोन लोकांनी नेली. तिसरं कुणी हातात घेईना, कारण चार पावलं टाकली की ते कलंडायचं. एकजण म्हणाला, फिट येते. दुसऱ्यानं तर दोन दिवसांची मुदतच देऊन टाकली. आई म्हणाली, "मग दोन दिवस राहू दे की आपल्यात." दिवाळी होऊन गेली, ते दोन दिवस अजून चालूच आहेत.

जनावरांच्या डॉक्टरांनी त्याच्या नाकासमोर पेन धरलं. पिल्लानं पेनावर नेम धरला तशी मान थरथरायला लागली. पेन खिशात गेलं, पिल्लू माझ्या मांडीवर पेंगलं आणि थरथर पार थांबली. "फिट नव्हे ही," डॉक्टर म्हणाले. पिल्लं पोटात असताना मांजरीला पॅनल्युकोपेनिया झाला, म्हणजे ज्याला लोक मांजरांचा पार्व्हो म्हणतात तो, की त्याचा विषाणू पिल्लाच्या अनुमस्तिष्काची वाढ खुंटवतो. मेंदूच्या मागच्या बाजूचा हा भाग तोल सांभाळतो. बरं व्हायचं नाही, पण वाढायचंही नाही. दुखत नाही, दुसऱ्याला लागत नाही, आणि आयुष्य चारचौघा मांजरांसारखं. लसी मात्र सगळ्या द्यायच्या, गच्चीवर सोडायचं नाही आणि फरशीवर गोणपाट घालायचं. औषध काहीच नाही म्हटल्यावर मला उगाच फसवल्यासारखं वाटलं. दवाखान्यात जाऊन चिठ्ठीशिवाय परत यायची आपल्याला सवय नसते.

मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणे. आमचं डोळे टक्क उघडे ठेवून खातं आणि तरी निम्मं मिशांना फासून घेतं. खाताना मान जास्तच हलते. स्टीलची ताटली नाकानं ढकलत ढकलत ते स्वयंपाकघरातून थेट सोप्यात यायचं. शेवटी आईनं माळ्यावरचा दगडी खल खाली काढला. आता खल हलत नाही, तेच हलतं. वाळूसाठी उंच काठाचा टब आणला, म्हणजे कडेला अंग टेकून उभं राहता येतं. मांजर कसंही पडलं तरी पायांवर पडतं, ही समजूतही त्यानं घरातल्या घरात मोडीत काढली. आडवं जाण्याचं तर विचारूच नका. ते आडवं निघालं की सरळ पोचतं, आणि सरळ निघालं की माझ्या पायांत. कामाला निघताना मी शकुन-अपशकुनाचा हिशोब सोडून दिला.

सुरुवातीला ते पडलं की मी धावायची. मग लक्षात आलं, उचलल्याचा त्याला राग येतो. पंज्यानं मला बाजूला सारतं (म्हणजे सारायला जातं, पंजा लागतो खुर्चीला), उठतं, पाय फाकवून उभं राहतं आणि पुन्हा निघतं. पडल्यावर इकडेतिकडे बघत नाही. मी गणपत गल्लीत एकदा पाय घसरून पडले, तेव्हा आधी कुणी पाहिलं का ते बघितलं, गुडघा नंतर.

त्याचं खेळणं म्हणजे मागाच्या खोलीतून मिळालेली रिकामी कांडी. ती गोणपाटावरून घरंगळली की हे दबा धरतं. मागचा भाग डुलतो, मान डुलते, कान तेवढे स्थिर. झेप घेतं आणि कांडीच्या वीतभर पलीकडे उतरतं. वळतं, पुन्हा झेप, आता अलीकडे. सातव्या-आठव्या खेपेला पंज्याचा नाद सोडून सरळ तिच्यावर अंग टाकतं आणि चार पायांत आवळून धरतं. परवा असंच उठून, कांडी तोंडात घेऊन, थरथरत पण ऐटीत माझ्याकडे यायला निघालं होतं. अर्ध्या वाटेवर असताना खिडकीतून अक्का कळवळून ओरडल्या, "सावकाश!" नावानं कोण बोलावतंय म्हणून त्यानं वळून पाहिलं, आणि धप्पदिशी पडलं.