सरळ चेंडू नडतो

वानखेडेवर 3 नोव्हेंबर 2024 ला न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीत भारताला जिंकायला 147 धावा हव्या होत्या. त्यांचा फिरकीपटू एजाज पटेलचा चेंडू बाहेर वळणार असं धरून शुभमन गिलने तो सोडला. चेंडू वळलाच नाही, ऑफस्टंपला लागला. बघता बघता 5 बाद 29. ऋषभ पंतने 64 काढल्या, बाकीच्यांनी मिळून त्याच्याएवढ्याही नाहीत. सगळे 121 मध्ये गारद, 25 धावांनी हार, मालिका 0-3. त्याआधी पुण्यात विराट कोहली मिचेल सँटनरच्या फुलटॉसवर त्रिफळाचीत झाला होता आणि सँटनरने त्या सामन्यात 13 बळी नेले.

ठाण्याच्या 8.12 च्या लोकलमध्ये यावर एकच निकाल लागतो: "चेंडू हातभर वळत होता, कोण खेळणार?" हातभर वळणारा चेंडू बहुतेक वेळा बॅटला चकवून नुसता निघून जातो. माणूस बाद होतो तो पुढच्या, सरळ येणाऱ्या चेंडूवर. बोटाने फिरवणाऱ्या गोलंदाजाचा एक चेंडू शिवणीवर पडून पकडतो, दुसरा चामड्यावर पडून घसरतो. हात आणि फेक दोन्हीला सारखीच. कोणता चेंडू काय करणार हे गोलंदाजालाही ठाऊक नसतं, मग फलंदाजाने त्याच्या हातात काय वाचायचं?

म्हणून अंदाज बांधायचाच नाही, अंतर कमी करायचं. ढोबळ हिशेब मांडून बघा. चेंडूचा टप्पा यष्टींपासून साडेचार मीटरवर पडला आणि तो 4 अंशांनी वळला. क्रीझमध्ये रेंगाळून, बॅट यष्टींच्या पुढे दीड मीटरवर ठेवून खेळलात, तर टप्प्यानंतर चेंडू 3 मीटर आला. वळलेल्या आणि सरळ गेलेल्या चेंडूंत 21 सेंटीमीटरचा फरक. बॅटची कमाल रुंदी 10.8 सेंटीमीटर, म्हणजे दोन बॅटी शेजारी ठेवाव्या लागतील. तेच पाय पूर्ण टाकून बॅट टप्प्यापासून मीटरभरावर नेली तर फरक 7 सेंटीमीटर. मधल्या रेषेवर बॅट धरली आणि हात सैल ठेवले तर दोन्ही चेंडू बॅटवरच. नाहीतर सरळ मागे, यष्टींजवळ जा. फरक तिथे वाढतो खरा, पण वळण बघून मग हात न्यायला क्षणभर मिळतो. अर्धवट पाय टाकलात की यातलं काहीच हाती लागत नाही. गुवाहाटीत नोव्हेंबर 2025 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या एडन मार्करमने भारताविरुद्ध एका सामन्यात 9 झेल घेतले, यष्टिरक्षक सोडून बाकी क्षेत्ररक्षकांतला कसोटी विक्रम. क्षेत्ररक्षकाचं कौतुक आहेच, पण स्लिपकडे इतक्या कडा गेल्या कशा हेही विचारायला हवं.

आता आपल्या भागाकडे. घोडबंदर रोडला किंवा वाशी-नेरुळला मुलं शिकतात कशावर? अ‍ॅस्ट्रो टर्फ, नाहीतर सिमेंटवर अंथरलेलं मॅटिंग. दोन्हीकडे उसळी एकसारखी, वळण असलं तरी दर चेंडूला तेवढंच. तिथे अर्धा पाय टाकून रेषेत बॅट फिरवली तरी चेंडू मधोमध बसतो. संध्याकाळी बॉक्स क्रिकेटमध्ये तीच सवय आणखी पक्की होते. सोसायटीच्या स्पर्धेत याने काहीच बिघडत नाही. मातीच्या विकेटवर तिसऱ्या दिवशी बिघडतं.

उपाय महागडा नाही. मातीचं नेट असेल तर एका पट्ट्यावर दोन दिवस पाणी मारू नका. पॉपिंग क्रीझपासून (फलंदाजापुढच्या रेघेपासून) 3 ते 4 मीटरच्या पट्ट्यात, ऑफस्टंपच्या रेषेपासून बाहेर अर्धा मीटर, तारेच्या ब्रशने आणि स्पाइक्सने खरवडा. सगळा पट्टा एकसारखा खरवडू नका. ठिगळं ठेवा, म्हणजे एक चेंडू धरेल, एक घसरेल. चेंडू 40-50 षटकं जुना घ्या. क्रीझपुढे दीड मीटरवर चुन्याची आडवी रेघ मारा. सहा षटकं, 36 चेंडू: बॅट-चेंडूची गाठ रेघेच्या पुढे पडली किंवा फलंदाज पूर्ण मागे गेला तर ठीक, मध्येच पडली तर एक चूक, मग धाव मिळो न मिळो. पहिल्या आठवड्यात निम्मे चेंडू मध्येच खेळले जातात, घाबरू नका. शेवटची दोन षटकं मऊ चेंडूने, पुढच्या पायाचं पॅड काढून. पॅड नसलं की बॅट आपोआप पायाच्या पुढे येते. पॅडमागे बॅट लपवायची जुनी युक्ती डीआरएस (पंचांचा निर्णय कॅमेऱ्यावर तपासायची सोय) आल्यापासून मेली, पण शिकवणारे अजून शिकवतात. हेल्मेट मात्र कायम. ठिगळाच्या विकेटवर चेंडू अचानक उठतो.

इतकं करूनही खेळपट्टीच आखाडा, म्हणजे सुरुवातीपासून बेफाम वळणारी, मागून घेतली तर? नोव्हेंबर 2025 मध्येच कोलकात्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 124 चं लक्ष्य होतं. आपल्या संघात चार फिरकीपटू, तिसऱ्या क्रमांकावर वॉशिंग्टन सुंदर. 93 वर डाव संपला, कारण अशा विकेटवर पाहुण्यांचा फिरकीपटूही तितकाच घातक होतो. ऑफस्पिनर सायमन हार्मरने दोन्ही डावांत चार-चार बळी घेतले. माझ्या मते चांगल्या फिरकीपटूंच्या संघाने बऱ्या विकेटवर खेळावं. कौशल्यातला फरक तिथे दिसतो, आखाड्यात तो पुसला जातो.

पण बऱ्या विकेटवर आपली गोलंदाजी उघडी पडते, हेही खरं. गुवाहाटीत पहिल्या दिवसअखेर दक्षिण आफ्रिका 6 बाद 247 होती, ती 489 वर पोहोचली. शेपटाने दोनशेहून अधिक जोडल्या. आखाड्यावर ताशी 90 किलोमीटरच्या आसपास सपाट टाकलेला चेंडू स्वतःच वळतो. पाट्यावर, म्हणजे सपाट विकेटवर, तोच चेंडू फलंदाजाला आरामात मागे जाऊन खेळता येतो. तिथे चेंडू डोळ्यांच्या रेषेच्या वर जायला हवा, मग अचानक बुडायला हवा. त्यासाठी मनगट चेंडूच्या मागून वर यावं लागतं. बाजूने नुसतं कापलं की चेंडू बुडत नाही.

आपल्याकडच्या मुलांना हे शिकवायचं असेल तर अर्ध्या अंतरावर, फलंदाजाच्या डोळ्यांपेक्षा हातभर वर आडवी दोरी बांधा. चेंडू दोरीवरून जावा आणि तरी टप्पा चुन्याच्या रेघेच्या गोलंदाजाकडच्या बाजूलाच पडावा. वेग 75 ते 80 पुरे. पहिल्या दिवशी बरेचसे फुलटॉस पडतील, कारण मुलं दोरी ओलांडायला चेंडू नुसता ढकलतात, फिरवत नाहीत. तेव्हा वेग आणखी कमी करा, दोरी खाली आणू नका.