आमची वाटचाल: बाद टायरांची भिंत

आमच्या सायकलींच्या वर्कशॉपच्या मागच्या भिंतीवर खिळ्यांच्या तीन ओळी आहेत आणि प्रत्येक खिळ्याला एकेक बाद टायर. नवीन माणूस आला की हमखास विचारतो, हे विकायचे का? नाही, हे आमचं दप्तर. प्रत्येक टायरच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिलेलं असतं: पुढचा की मागचा, चालवणाऱ्याचं वजन, अंदाजे किलोमीटर आणि कशाने गेला. बाकी हिशेब संगणकात गेले, ही भिंत राहिली.

सुरुवात अर्थातच पंक्चरपासून. मामांच्या हाताखाली ट्यूब पाण्यात बुडवायची, बुडबुडा आला तिथे बोट ठेवायचं, घासायचं, सोल्युशन लावायचं आणि ते सुकेपर्यंत घाई करायची नाही. मग हळूहळू रेस खेळणारी मुलं येऊ लागली. त्यांच्या सायकली हलक्या आणि टायर बोटाएवढे, २३ मिलिमीटरचे. सगळ्यांचं मागणं एकच, हवा ठासून भरा. मामा अंगठ्याने दाबून बघायचे, मी गेजवर १२० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) बघायचो. टायर दगडासारखा लागला की आम्ही दोघेही खूश. टणक म्हणजे वेगवान, हे आम्ही कित्येक वर्षं गिऱ्हाइकांना छातीठोक सांगितलं. चुकीचं सांगितलं.

चूक कळली ती एका मुलाच्या कुरकुरीमुळे. तो म्हणाला, गुळगुळीत रस्त्यावर मी पुढे असतो, खडी वर आलेला पट्टा लागला की बाकीचे निघून जातात. पाय तेच, सायकल तीच. मग आम्ही एका उतारावर गेलो. त्याला वरून पॅडल न मारता सोडायचं, जिथे थांबेल तिथे खडूने रेघ मारायची, थोडी हवा काढायची, पुन्हा सोडायचं. गुळगुळीत डांबरावर जास्त हवेने तो पुढे गेला. खडबडीत उतारावर मात्र हवा कमी केल्यावर रेघ पुढे सरकली, आणि फारच कमी केल्यावर परत मागे आली. मामा रेघांकडे बघत म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं आपण लोकांना दगडावर बसवत होतो."

कारण समजायला सोपं आहे. टायर जमिनीला टेकतो तिथे चपटा होतो आणि पुढच्या क्षणी परत गोल. रबर वाकताना जेवढी ताकद घेतं तेवढी सगळी परत देत नाही, थोडी उष्णता होऊन जाते. हवा जास्त तर वाकणं कमी, इथपर्यंत आमचं बरोबर होतं. पण खडबडीत रस्त्यावर टणक टायर प्रत्येक खड्याला सायकल आणि माणूस दोघांना वर फेकतो, आणि ती ताकद माणसाचं अंगच जिरवतं. यंत्राच्या ड्रमवर टायर फिरवून काढलेल्या आकड्यांत हे दिसत नाही, कारण ड्रमवर माणूस बसलेला नसतो.

त्यानंतर आम्ही २५ मिलिमीटरवर गेलो, मग २८ वर. रुंद टायर जड आणि मंद असणार ही समजूत जायला वेळ लागला, आमचीसुद्धा. हवेचा दाब आणि वजन तेच असेल तर रस्त्याला टेकणारं क्षेत्र जवळपास तेवढंच राहतं, फक्त त्याचा आकार लांबट न राहता आखूड आणि रुंद होतो, त्यामुळे टायर कमी दबतो. आज सत्तर किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये आम्ही ७० ते ७५ पीएसआयपासून सुरुवात करून देतो, मागे थोडी जास्त, पुढे थोडी कमी. पावसात आणखी उतरवायची.

पहिला मोठा माल भरला तेव्हा दुसरी चूक केली. सुती कापडाचे, पातळ, निव्वळ शर्यतीसाठी बनवलेले टायर आणले आणि रोज सरावाला जाणाऱ्यांनाही दिले. चालवायला लोण्यासारखे. महिनाभरात अर्धे भिंतीवर. मग घाबरून उलट्या टोकाला गेलो, रबराखाली टोचण्यापासून वाचवणारा जाड पट्टा असलेले, सहसा पंक्चर न होणारे टायर. मुलं म्हणाली, सायकल चिखलातून ओढल्यासारखी वाटते. तीही तक्रार खरी होती. पट्टा जाड केला की टायर कमी लवचीक होतो आणि प्रत्येक फेऱ्यात जास्त ताकद खातो.

इथे भिंतीने वाट दाखवली. "टिकाऊ" या एका शब्दात लोक तीन गोष्टी कोंबतात: रबर झिजणं, मधून टोचणं आणि टायरची बाजू फाटणं. तिन्हींचा इलाज वेगळा. मधला पट्टा टोचण्यापासून वाचवतो, पण दगडाच्या धारेवर बाजू घासली की त्याचा काही उपयोग नाही. जाड रबर झिजायला वेळ घेतं, पण तार आत शिरायची तर शिरतेच. आमच्या खिळ्यांवर मागचे टायर पुढच्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, कारण वजन मागे जास्त आणि जोरही तिथूनच लागतो. मागचे मधोमध सपाट होऊन चौकोनी झालेले, पुढचे बहुतेक कापून गेलेले. म्हणून नवीन टायर नेहमी पुढे चढवायचा आणि पुढचा चांगला असेल तर मागे न्यायचा. झिजलेला टायर पुढे लावून द्या म्हणणाऱ्याला आम्ही नाही म्हणतो, तो रागावला तरी. मागचा घसरला तर बऱ्याचदा सावरता येतं, पुढचा घसरला की माणूस आडवा.

पाकिटावरच्या आकड्यांनीही आम्हाला बरंच फसवलं. टीपीआय म्हणजे कापडात एका इंचात किती धागे. आकडा मोठा तर कापड बारीक आणि लवचीक, हे ठीक. पण काही कंपन्या थरांची बेरीज लिहितात. कॉन्टिनेंटलच्या ग्रँड प्रिक्स ५००० वर ३३० असतं, ते ११० चे तीन थर. टायर उत्तम आहे, त्यावर झीज दाखवणारे दोन बारीक खळगेही असतात, ते बुजले की बदलायचा. पण त्याचे ३३० आणि सुती टायरचे ३२० शेजारी ठेवून तुलना करू नका. आणि नक्षी! गुळगुळीत टायर पावसात घसरेल ही भीती आजही रोज ऐकतो. सायकलचा टायर इतका अरुंद आणि गोल असतो की रस्त्यावर आपल्या वेगाला तो पाण्यावर तरंगत नाही. पकड रबराच्या जातीवर आणि हवेवर.

ट्युब्युलर, म्हणजे ट्यूब आत शिवलेले आणि रिमला चिकटवायचे टायर, आम्ही जवळपास बंद केले. २००३ च्या तूर द फ्रान्स या मोठ्या सायकल शर्यतीत उतारावर स्पेनच्या होसेबा बेलोकीचा मागचा टायर रिमवरून निघाला आणि तो वाईट आपटला. तेव्हापासून सोल्युशनचा प्रत्येक थर लावताना माझा हात जड व्हायचा. आता शर्यतीला बहुतेक ट्युबलेस, नाहीतर साध्या टायरमध्ये लेटेक्सची ट्यूब. ही ट्यूब वेगाला चांगली, पण रात्रीतून हवा सोडते, सकाळी भरावीच लागते. ट्युबलेसमधलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रावण, काही महिन्यांत वाळतं, हे विसरून लोक आमच्यावर चिडतात. आणि हूक नसलेली, म्हणजे टायर धरून ठेवणारी आत वळलेली कड नसलेली रिम असेल तर ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआय, ही हद्द. वजनदार माणसाने अरुंद टायर घेऊन तिथे यायचंच नाही.

आता कोणी "फास्ट आणि टिकाऊ दोन्ही द्या" म्हणालं की आम्ही आधी विचारतो, वर्षात शर्यती किती आणि सराव किती? दहा शर्यती आणि रोजचा सराव असेल तर दोन जोड्या. सरावाला मजबूत, शर्यतीला पातळ. एकच जोडी हवी असेल तर मधला मार्ग, आणि त्या मधल्या मार्गाची कुरबूर ऐकायची आमची तयारी आहे.

मामा आता फारसं उठत नाहीत, पण टायर भिंतीवर जाण्याआधी कापूस त्यांच्याच हातात असतो. परवा एका टायरने आठवड्यात तीन ट्यूब खाल्ल्या. आम्ही दोघा पोरांनी आतून बोटं फिरवली, उजेडात धरून पाहिला, काही नाही. मामांनी कापसाचा बोळा आत सावकाश फिरवला आणि एका जागी तो अडकला. चिमट्याने ओढली तर केसाएवढी तार, ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली. तो टायर भिंतीवर गेला नाही. पुन्हा चढवून दिला, आणि ती तार मामांनी चिकटपट्टीने रिकाम्या खिळ्याखाली लावून ठेवली आहे.