नवा फोन, कापलेले सिम आणि चोवीस तास

नवा फोन घेण्यापूर्वी मी तीन आठवडे समीक्षा वाचल्या आणि पाहिल्या; त्यांपैकी एकीतही सिमकार्डाच्या जाडीचा उल्लेख नव्हता, ही माझी पहिली तक्रार आहे.

माझ्या जुन्या सॅमसंग गॅलॅक्सी ए५१ ला अँड्रॉइड १३ च्या पुढची आवृत्ती मिळणार नव्हती, त्यामुळे फोन बदलणे भागच होते. गॅलॅक्सी एस२४ बद्दल समीक्षकांचे मत बहुतांशी अनुकूल होते: सात वर्षे अपडेट्स, एका हातात मावणारा ६.२ इंचांचा आकार आणि उन्हातही वाचता येईल असा स्क्रीन. वापरकर्त्यांचा सूर मात्र निराळा होता. भारतात सुरुवातीला विकल्या गेलेल्या एस२४ मध्ये सॅमसंगचीच एक्झिनॉस २४०० ही चिप आणि महागड्या एस२४ अल्ट्रात स्नॅपड्रॅगन, हा भेद अनेकांना खटकला होता. २०२४ च्या सुरुवातीला रंग फिके दिसतात अशी ओरड झाली, तेव्हा कंपनीने रंग गडद करण्याची सोय अपडेटमधून दिली. माझ्यापुरते सांगायचे तर चिपमधला फरक मला आजतागायत जाणवलेला नाही. २५ वॅटचे चार्जिंग संथ आहे हे मात्र खरे, आणि चार्जर खोक्यात येत नाही हे घरी आल्यावर लक्षात येते.

इंदूरच्या जेल रोडवरच्या दुकानातून एस२४ घेतला, जुना फोन तिथेच बदल्यात देऊन टाकला. फोटो, संपर्क आणि संदेश तासाभरात नव्या फोनमध्ये आले होते. मग सिम घालायला गेलो आणि अडलो. माझे सिम फार जुने. एके काळी दुकानदाराने कटरने कापून ते नॅनो आकाराचे करून दिलेले. मूळ नॅनो सिमची जाडी ०.६७ मिलिमीटर असते आणि जुन्या मोठ्या सिमची ०.७६, इतक्याशा फरकाने ट्रे आत सरकेना. जोर लावू नका, असे दुकानदारानेच बजावले.

त्यामुळे मोबाइल कंपनीच्या केंद्रावर जाऊन सिम बदलून घ्यावे लागले. तिथे अंगठ्याचा ठसा चार वेळा जुळला नाही. पाचव्यांदा, हात धुऊन पुसल्यावर, यंत्राने मला ओळखले. संध्याकाळी नेटवर्क आले, फोन लागू लागले आणि मी निर्धास्त झालो. पण यूपीआय सुरू करायला गेलो तर पडताळणी दर वेळी अपयशी. मी ॲप काढून पुन्हा टाकले, फोन बंद करून चालू केला, वाय-फाय बंद केले, रिचार्जही करून पाहिला. दुसऱ्या दिवशी केंद्रावर जाऊन पाऊण तास रांगेत उभा राहिलो, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने मान वर न करता सांगितले, “सिम बदली है ना? चौबीस घंटे एसएमएस बंद रहता है।”

नियम योग्यच आहे. दुसऱ्याच्या नावावरचे सिम परस्पर काढून त्याचे खाते रिकामे करणाऱ्यांना आळा घालण्यासाठी २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने तो केला: बदलून घेतलेल्या सिमवर पहिले चोवीस तास एसएमएस येत नाहीत आणि जातही नाहीत. यूपीआयची नोंदणी तर आपल्याच सिमवरून बँकेकडे जाणाऱ्या एसएमएसवर होते, म्हणजे वाय-फायचा इथे काहीच संबंध नव्हता. माझा राग एवढाच, की ठसा घेताना हे एक वाक्य कोणी बोलले असते, तर मी ती संध्याकाळ ॲपशी झुंजण्यात घालवली नसती. रामबागेतल्या पोहेवाल्याने सकाळी “कल दे देना, भैया” म्हटले, तेव्हा मला नको तितका संकोच वाटला, कारण खिशात रोख ठेवण्याची सवय केव्हाच सुटली होती.

तेव्हा ज्यांना फोन बदलायचा आहे त्यांनी सिमचा प्रश्न दोन दिवस आधी, जुना फोन हातात असतानाच मिटवावा. मी घाईने तो बदल्यात दिला ही चूक माझी. डेबिट कार्डही जवळ ठेवावे, कारण यूपीआयचा पिन नव्याने ठरवताना कार्डाचे शेवटचे सहा अंक आणि मुदत विचारली जाऊ शकते. व्हॉट्सॲपचे मात्र अडत नाही: एसएमएसऐवजी कॉलवर कोड मागवता येतो, आणि कॉल तर चालू असतात. हे मला तिसऱ्या दिवशी, सगळे सुरळीत झाल्यानंतर, माझ्या भाचीने सांगितले.

शिवाय यूपीआय सुरू झाल्यावरही माझ्या बँकेने पहिले चोवीस तास पाच हजार रुपयांचीच मर्यादा ठेवली होती, त्यामुळे विम्याचा हप्ता मी चौथ्या दिवशी भरला.